वायूंचे मिश्र स्फटिक



शाळेंतल्या रसायनशास्त्राचा पहिला धडा आपणांपैकीं बहुतेकांच्या स्मरणांत असेल. दोन पदार्थ एकत्र आले म्हणजे त्यांचें एक तर मिश्रण होतें, नाहीं तर संयुग होतें. मिश्रणाला प्रमाणाचें बंधन नाहीं. चिवड्यांत शेंगदाणे मूठभर घातले काय आणि दोन मुठी घातले काय, तो चिवडाच राहतो. संयुगाचें तसें नाहीं. पाणी पुण्याच्या नळाचें असो कीं काशीच्या गंगेचें असो, त्याच्या प्रत्येक रेणूंत हैड्रोजनचे दोन अणु आणि प्राणवायूचा एक, हेंच प्रमाण सांपडावयाचें. फ्रेंच रसायनज्ञ प्रूस्त हा स्पेन देशांत अध्यापनाचें काम करीत असतां, १७९९ च्या सुमारास, त्यानें हा निश्चित प्रमाणाचा नियम मांडला. बेर्तोले याच्याशीं त्याचा या प्रश्नावर कित्येक वर्षें वाद चालला, आणि पुढें डाल्टनच्या अणुवादानें प्रूस्तची बाजू बळकट केली. तेव्हांपासून रसायनशास्त्रांत असा एक दंडकच पडून गेला कीं, जेथें प्रमाण निश्चित दिसेल तेथें अणूअणूंमध्यें रासायनिक बंधन आहे असें समजावें.

मिश्रणाचें अगदीं घरगुती उदाहरण म्हणजे आपल्या भोंवतालची हवा. तिच्यांत शंभरांत सुमारें ७८ भाग नत्रवायु, २१ भाग प्राणवायु आणि एका भागाहून किंचित् कमी आर्गॉन असतो. हे वायु एकमेकांच्या शेजारीं वावरतात, पण एकमेकांशीं संसार थाटीत नाहींत. त्यांतहि हेलियम, निऑन, आर्गॉन हे तर केवळ विरक्त; ते कोणाच्याच अध्यांत मध्यांत नसतात. अशा अलिप्त वायूंनाहि ठराविक प्रमाणांत, नेटक्या रचनेच्या एकाच स्फटिकांत, कोणत्याहि रासायनिक बंधनावांचून बसवितां येतें, ही गोष्ट १९९२ सालीं उघडकीस आली. ती येथवर कशी आली आणि तिच्यामुळें आपल्या त्या पहिल्या धड्याचें काय झालें, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

या इतिहासाचें पहिलें पान लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें लिहिलें गेलें. क्लोरीन वायु थंड केला म्हणजे त्याचा पिवळसर घन पदार्थ होतो, अशी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं समजूत होती. तो घन पदार्थ शुद्ध क्लोरीन नसून त्यांत पाणी असतें, हें सर हंफ्रे डेव्ही यानें १८१० च्या सुमारास दाखविलें. १८२३ मध्यें त्याचा मदतनीस मायकेल फॅरडे यानें थंडीच्या दिवसांचा फायदा घेऊन या स्फटिकांचें पृथक्करण केलें, तेव्हां क्लोरीनच्या एका भागास पाण्याचे सुमारें दहा, असें रेणूंचें प्रमाण त्याला आढळलें. पुढें हेच स्फटिक बंद नळींत घालून त्यानें तापविले, तों नळींत एक पिवळा तेलकट द्रव जमला. तो द्रवरूप क्लोरीन होता. वायु कोंडून त्यावर त्याचाच दाब पडूं दिला म्हणजे तो द्रवरूप होतो, ही गोष्ट या प्रयोगानें स्पष्ट झाली.

परंतु त्या स्फटिकांचें कोडें मागें तसेंच राहिलें. क्लोरीन आणि पाणी यांच्यांत तेथें रासायनिक बंधन नव्हतें. स्फटिक थोडा तापला कीं दोघे आपापल्या वाटेनें निघून जात. मग प्रमाण कशामुळें टिकत होतें? याचा उलगडा होण्यास सव्वाशें वर्षें लागलीं. ऑक्सफर्ड येथील पॉवेल यानें १९४८ मध्यें अशा पदार्थांना जाळी या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून एक नवें नांव दिलें. एका पदार्थाचे रेणु पिंजरे रचतात आणि दुसऱ्याचे रेणु त्या पिंजऱ्यांत अडकून राहतात, असा त्या नांवाचा आशय होता. पिंजऱ्यांची संख्या ठरलेली, म्हणून पक्ष्यांचीहि ठरलेली. निसर्गांतहि असे पिंजरे आहेत. ध्रुवप्रदेशांतील हिमाच्या थरांत हवेचे बुडबुडे अडकलेले असतात. खोल गेल्यावर, वरच्या हिमाच्या भारानें, ते बुडबुडे दिसेनासे होतात. कारण त्यांतील हवा हिमाच्या अशाच पिंजऱ्यांत शिरते. ग्रीनलंडच्या हिमांतून काढलेल्या नमुन्यांत हे हवेचे स्फटिक १९८२ मध्यें दिसून आले.

तथापि पाण्याचे रेणु एकमेकांस बऱ्यापैकीं घट्ट धरून असतात, म्हणून त्यांचा पिंजरा उभा राहतो. येथें यजमानाचें घर पक्कें आहे आणि पाहुणा त्यांत उतरला आहे. जेथें दोघेहि वायु, दोघांनाहि घर म्हणून नाहीं, तेथें काय होईल, हा प्रश्न अजून बाकी होता. त्याचें उत्तर मिळण्यापूर्वीं प्रत्येक वायूला एकेकटें घन करण्याची विद्या हस्तगत व्हावयास हवी होती.

फॅरडेनें १८४५ पर्यंत बहुतेक वायु द्रवरूप केले. पण हैड्रोजन, प्राणवायु, नत्रवायु, मीथेन आणि दुसरे दोन वायु त्याला दाद देईनात. त्यांस लोक ‘शाश्वत वायु’ म्हणूं लागले. बेलफास्टच्या अँड्रूजनें १८६९ मध्यें दाखविलें कीं, प्रत्येक वायूला उष्णतेची एक ठराविक मर्यादा असते, आणि तिच्यावर असतांना त्याला कितीहि दाबलें तरी त्याचा द्रव वेगळा पडत नाहीं. या मर्यादेची मीमांसा १८७३ मध्यें योहानेस व्हान डेर वाल्स या डच गृहस्थानें केली. एका सुताराचा हा मुलगा. तो प्रथम प्राथमिक शाळेंत शिक्षक होता. लॅटिन व ग्रीक न शिकल्यामुळें विद्यापीठाच्या परीक्षांची वाट त्याला बंद होती. पुढें तो नियम शिथिल झाला आणि वयाच्या छत्तिसाव्या वर्षीं लेडन येथें त्याचा प्रबंध मान्य झाला. त्याचें म्हणणें दोन वाक्यांत सांगतां येईल. वायूचे रेणु बिंदुमात्र नसून त्यांना स्वतःची जागा लागते, हें एक. आणि त्यांच्यामध्यें एक मंद आकर्षण असतें, हें दुसरें. त्या मंद आकर्षणास आजहि त्याचेंच नांव आहे. १९१० मध्यें त्याला नोबेल पारितोषिक मिळालें. ‘जागा’ आणि ‘मंद आकर्षण’ हे त्याचे दोन शब्द श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावेत. पुढें त्यांचीच गरज पडणार आहे.

मग थंडीच्या साहाय्यानें एकेक ‘शाश्वत’ वायु शरण आला. १८७७ मध्यें प्राणवायूचें धुकें दिसलें, १८९८ मध्यें लंडन येथें ड्यूअरनें हैड्रोजनचा द्रव केला आणि पुढच्याच वर्षीं तो गोठविला. शेवटीं राहिला हेलियम. या वायूच्या जन्मकथेचा धागा आपल्या देशांतून गेलेला आहे. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाची छाया कोंकणांतील विजयदुर्गावरून विजापूर व गुंटूरकडे गेली. गुंटूर येथें फ्रेंच ज्योतिषी जान्सेन यानें सूर्याच्या कडेवरील ज्वालांचा वर्णपट पाहिला. नॉर्मन लॉक्यर त्या वेळीं विजयदुर्गास होता अशी एक समजूत आपल्याकडे आहे. पण तो इंग्लंडांतच होता, आणि त्यानें ऑक्टोबर महिन्यांत ग्रहण नसतांनाच हें निरीक्षण साधलें. त्या वर्णपटांतील एक पिवळी रेषा पृथ्वीवरच्या कोणत्याहि ज्ञात द्रव्याशीं जुळेना, म्हणून त्या द्रव्याला सूर्याच्या ग्रीक नांवावरून हेलियम म्हणूं लागले. १८९५ मध्यें रॅम्झेला तें पृथ्वीवरील एका खनिजांत सांपडलें. १९०८ च्या जुलैंत लेडन येथें कामरलिंग ओनेस यानें त्याचा द्रव केला. घन मात्र तो नुसत्या थंडीनें होईना. १९२६ मध्यें केसोम यानें त्याच लेडनमध्यें थंडीच्या जोडीला सुमारें २५ वातावरणांचा दाब दिला, तेव्हां हेलियम गोठला. थंडीला दाबाची जोड लागते, ही गोष्ट या शेवटच्या वायूनें शिकविली.

‘वातावरण’ हें येथें दाबाचें माप आहे. समुद्रकांठीं हवेचा जो भार आपल्या अंगावर असतो तो एक वातावरण. प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर साधारण एक किलोग्रॅम. समुद्राच्या सर्वांत खोल डोहाच्या तळाशीं हा दाब सुमारें ११०० वातावरणें असतो, आणि पृथ्वीच्या केंद्रापाशीं सुमारें ३६ लाख. अमेरिकेंत हार्वर्ड विद्यापीठांत पर्सी ब्रिजमन यानें आयुष्यभर दाबाचाच अभ्यास केला. त्याच्यापूर्वीं दाब वाढला कीं यंत्राच्या सांध्यांतून पदार्थ निसटे. दाब जसजसा वाढेल तसतसें बूच अधिकाधिक घट्ट बसावें, अशी युक्ति त्यानें काढली आणि एक लाख वातावरणांचा पल्ला गांठला. १९४६ चें नोबेल पारितोषिक त्याला याच कामासाठीं मिळालें. परंतु त्याची यंत्रें अवजड पोलादाचीं असत. आंत काय घडत आहे तें डोळ्यांनीं पाहण्याची सोय त्यांत नव्हती.

ती सोय १९५८ च्या सुमारास वॉशिंग्टन येथील राष्ट्रीय मानक संस्थेंतील चार संशोधकांनीं केली. व्हान व्हाल्केनबर्ग, वीर, लिपिनकॉट आणि बंटिंग हीं त्यांचीं नांवें. हिरा सर्वांत कठीण, आणि शिवाय पारदर्शक. तेव्हां हिऱ्याचीच ऐरण करावी, असें त्यांना सुचलें. हिरे विकत आणण्यास पैसा नव्हता. तस्करांकडून जप्त केलेले हिरे त्यांनीं सरकारकडून मिळविले. पैलू पाडलेल्या हिऱ्याचें टोंक घासून सपाट करावयाचें, असे दोन हिरे टोंकास टोंक लावून बसवावयाचे आणि मळसूत्र पिळून एकमेकांवर दाबावयाचे, एवढेंच तें यंत्र. अंगठ्याच्या जोरानें टांचणी लाकडांत शिरते, अंगठा शिरत नाहीं. त्यांतलेंच हें तत्त्व आहे. टोंक जितकें लहान तितका दाब मोठा. तळहातावर मावणाऱ्या या उपकरणांत लाखों वातावरणांचा दाब उत्पन्न होतो. पुढें व्हान व्हाल्केनबर्ग यानें दोन हिऱ्यांच्या मध्यें बारीक छिद्र पाडलेला धातूचा पत्रा घातला. छिद्राच्या भिंती आणि वरखालीं हिरे, अशी एक इवलीशी कोठडी तयार झाली. तिच्यांत द्रव आणि वायु कोंडतां येऊं लागले, आणि हिऱ्यांतून सूक्ष्मदर्शकानें आंत पाहतां येऊं लागलें.

दाब मोजावयाचा कसा, ही अडचण १९७२ मध्यें त्याच संस्थेंत सुटली. कोठडींत माणकाचा एक कण ठेवावयाचा आणि त्यावर लेसरचा प्रकाश पाडावयाचा. माणिक लाल तेजानें चमकतें, आणि दाब वाढेल तसा त्या लाल रंगाचा वर्णपटांतील ठिकाणा सरकत जातो. तो किती सरकला हें पाहून दाब काढतां येतो. १९७६ मध्यें कार्नेगी संस्थेच्या भूभौतिक प्रयोगशाळेंत माओ आणि बेल यांनीं या मापानें दहा लाख वातावरणांची मजल मारली. आपल्याकडेहि तुर्भें येथील भाभा अणुसंशोधन केंद्रांत हिऱ्यांच्या ऐरणीवर पदार्थांची अशी परीक्षा होत आली आहे.

या कोठडीनें वायु गोठविण्याचें काम थंडीच्या हातून काढून घेतलें. खोलींतल्या साध्या उष्णतामानावर आर्गॉन सुमारें १३ हजार वातावरणांवर घन होतो, नत्रवायु सुमारें २४ हजारांवर, हैड्रोजन सुमारें ५४ हजारांवर आणि हेलियम सुमारें १ लाख १४ हजारांवर. शेवटचे दोन आंकडे १९७९ मध्यें प्रसिद्ध झाले; हैड्रोजनचा वॉशिंग्टनहून आणि हेलियमचा पॅरिसहून. ज्या हेलियमला गोठविण्यासाठीं केसोमला निरपेक्ष शून्याच्या जवळपासची थंडी लागली, त्याचा स्फटिक आतां उन्हाळ्याच्या दिवसांतहि मेजावर ठेवून पाहतां येऊं लागला.

एकेक वायु असा घन झाल्यावर दोन वायु एकत्र दाबून पाहणें ओघानेंच आलें. यांत अपेक्षा अगदीं उलट होती. दोन वायु कोणत्याहि प्रमाणांत मिसळतात हें आपण मानून चालतों, पण तें विरळ वायूंपुरतें खरें आहे. दाटी झाली कीं ते वेगळे पडूं लागतात, असें व्हान डेर वाल्स यानें पूर्वींच सुचविलें होतें. १९०६ मध्यें कामरलिंग ओनेस यानें एक मोठा चमत्कारिक देखावा पाहिला. द्रव हैड्रोजनवरील हेलियम वायूचा दाब वाढवितां वाढवितां तो वायु इतका दाट झाला कीं, तो द्रवाच्या तळाशीं जाऊन बसला. १९४० च्या सुमारास रशियन रसायनज्ञ क्रिचेव्हस्की यानें नत्रवायु आणि अमोनिया हे दोन वायु दाबाखालीं तेल-पाण्याप्रमाणें वेगळे होतात हें दाखविलें. दाब म्हणजे वियोग, असाच एकंदर अनुभव होता. मग हे वायु गोठतील तेव्हां ज्याचा त्याचा स्फटिक निराळा होईल, असें वाटणें साहजिक होतें.

अॅम्स्टरडॅम येथें व्हान डेर वाल्सच्या नांवानें चालणाऱ्या प्रयोगशाळेंत स्खाउटेन आणि त्यांचे विद्यार्थी दाबाखालील मिश्र वायूंचा अभ्यास करीत होते. त्यांच्यांतील विलेम व्होस हे वॉशिंग्टनला कार्नेगी संस्थेंत गेले. तेथें माओ, हेम्ली, फिंगर इत्यादिकांबरोबर त्यांनीं नत्रवायु आणि हेलियम यांचीं निरनिराळ्या प्रमाणांचीं मिश्रणें हिऱ्यांमध्यें दाबलीं. त्यांनीं सूक्ष्मदर्शकानें पाहिलें, स्फटिकावरून परतणाऱ्या प्रकाशाचा वर्णपट तपासला आणि प्रखर क्ष-किरणांनीं आंतील रचना मोजली. कोठडींत एक असा स्फटिक तयार झाला होता कीं, तो घन नत्रवायूचाहि नव्हता आणि घन हेलियमचाहि नव्हता. त्यांत हेलियमच्या एका अणूस नत्रवायूचे अकरा रेणु, असें ठाम प्रमाण होतें. २ जुलै १९९२ च्या ‘नेचर’ या साप्ताहिकांत ही हकीकत प्रसिद्ध झाली. या स्फटिकास त्यांनीं ‘व्हान डेर वाल्स संयुग’ म्हटलें. संयुग म्हणण्याचें कारण त्याचें प्रमाण निश्चित होतें. व्हान डेर वाल्सचें नांव देण्याचें कारण त्यांत रासायनिक बंधन नसून केवळ तें मंद आकर्षण आणि जागेचा हिशेब होता.

पुढच्या दोन वर्षांत पॅरिसचे पॉल लुबेर आणि त्यांचे सहकारी यांनीं आणखी दोन स्फटिक उजेडांत आणले. १९९३ मध्यें निऑनच्या एका अणूस हेलियमचे दोन, आणि १९९४ मध्यें आर्गॉनच्या एका अणूस हैड्रोजनचे दोन रेणु. निऑन आणि हेलियम ही जोडी तर विशेषच लक्षांत घेण्यासारखी आहे, कारण दोघेहि विरक्त कुळांतले. या दोन्ही स्फटिकांची ठेवण धातुशास्त्रज्ञांच्या पूर्वपरिचयाची निघाली. मॅग्नेशियम आणि जस्त यांच्या एका मिश्रधातूंत अणु अगदीं तसेच मांडलेले असतात. धातूंचे अणु आणि विरक्त वायूंचे अणु यांच्या स्वभावांत कांहींच साम्य नाहीं. साम्य आहे तें आकारांच्या प्रमाणांत. मोठा गोळा लहान गोळ्याच्या साधारण सव्वापट असला म्हणजे ती ठेवण साधते.

नागपुरी संत्र्यांची रास रचणाऱ्या फळवाल्याला माहीत असतें कीं, सारख्या आकाराचीं फळें कितीहि कौशल्यानें रचलीं तरी मध्यें पोकळ्या राहतातच. शंभरांत सुमारें ७४ भागांपेक्षां अधिक जागा भरतां येत नाहीं. केप्लरनें १६११ मध्यें केलेलें हें विधान हेल्स या गणितज्ञानें १९९८ मध्यें सिद्ध केलें. परंतु संत्र्यांच्या जोडीला लिंबें असलीं, तर कांहीं विवक्षित प्रमाणांत दोन्ही मिळून जागेचा अधिक चांगला उपयोग करूं शकतात. ब्राझील देशांतील कांहीं उपल रत्नांत निसर्गानें हेंच केलेलें आहे. त्यांत वाळूच्याच द्रव्याचे दोन आकारांचे सूक्ष्म गोळे ठराविक प्रमाणांत, ओळीनें मांडलेले आढळतात. ऑस्ट्रेलियांतील सँडर्स आणि मरे यांनीं तें १९७८ मध्यें दाखविलें. त्या गोळ्यांना एकमेकांविषयीं ओढ असण्याचें कांहींच कारण नव्हतें.

१९९३ मध्यें एल्ड्रिज, मॅडन आणि फ्रेंकेल यांनीं संगणकावर हाच प्रश्न शुद्ध स्वरूपांत सोडविला. त्यांच्या हिशेबांत आकर्षण मुळींच नव्हतें. होते फक्त दोन आकारांचे कठीण गोळे. तरीहि दाटी झाल्यावर ते आपोआप ठराविक प्रमाणाच्या रचनेंत बसले. हें वाचून नवल वाटेल, पण दाटीची पंगत आठवावी. मोठीं माणसें आणि मुलें जमेल तशीं बसलीं, तर कोणाला हात हलवितां येत नाहीं. यजमानानें दोन मोठ्यांमध्यें एक मूल असें ओळीनें बसविलें, तर त्याच मांडवांत प्रत्येकाला कोंपर हलविण्यापुरती मोकळीक मिळते. अणूंनाहि हालचालीची अशी मोकळीक हवी असते. दाबाखालीं, व्यवस्थित बसण्यानेंच ती अधिक मिळते, म्हणून ते व्यवस्थित बसतात. व्हान डेर वाल्सचा ‘जागा’ हा शब्द येथें आपलें सारें बळ दाखवितो.

येथें आपल्या जुन्या धड्याला पहिली दुरुस्ती लागते. निश्चित प्रमाण हें बंधनाची खूण असतेंच असें नाहीं. तें नुसत्या सुव्यवस्थेचीहि खूण असूं शकतें.

पण दाब आणखी वाढला कीं ही सुव्यवस्था हळूहळू बंधनाकडे झुकूं लागते. १९९६ मध्यें सोमयाजुलु आणि त्यांचे सहकारी यांनीं मीथेन आणि हैड्रोजन यांचे एक सोडून चार निरनिराळे मिश्र स्फटिक वर्णिले. त्यांपैकीं एकांत मीथेनच्या एका रेणूस हैड्रोजनचे चार रेणु होते, म्हणजे वजनानें तिसरा हिस्सा मोकळा हैड्रोजन. २०१० मध्यें त्यांनीं झेनॉन आणि हैड्रोजन यांचा स्फटिक सादर केला. त्यांत हैड्रोजनच्या थरांमधून झेनॉनचे अणु जोडीजोडीनें बसलेले होते, आणि दाब वाढवावा तसें त्यांच्यांतील अंतर घटत जाई. शेजार कोठें संपला आणि नातें कोठें सुरू झालें, हें त्या स्फटिकांत सांगणें कठीण आहे.

२०११ मध्यें त्याच कार्नेगी संस्थेंत स्ट्रोबेल आणि त्यांचे सहकारी यांनीं सडक्या अंड्यांच्या वासाच्या हैड्रोजन सल्फाइड वायूचा हैड्रोजनबरोबर मिश्र स्फटिक केला. त्यांत पहिल्याचे दोन रेणु, दुसऱ्याचा एक. चीनमधील जीलिन विद्यापीठांतील संशोधकांनीं हें प्रमाण घेऊन २०१४ मध्यें गणित मांडलें कीं, हाच स्फटिक पुष्कळ अधिक दाबला तर तो धातु होईल आणि बऱ्याच वरच्या उष्णतामानापर्यंत त्यांतून वीज विनाअडथळा वाहील. २०१५ मध्यें जर्मनींतील माइन्झ येथें एरेमेट्स यांच्या गटानें हैड्रोजन सल्फाइडवर सुमारें १५ लाख वातावरणांचा दाब दिला, तेव्हां उणें ७० अंश सेंटिग्रेडपर्यंत विजेचा विरोध शून्य झालेला आढळला. हाच विरोध नाहींसा होण्याचा प्रकार कामरलिंग ओनेस यानें १९११ मध्यें पाऱ्यांत प्रथम पाहिला होता, पण त्यासाठीं त्याला उणें २६९ अंशांच्या आसपासची थंडी लागली होती. विरोधशून्य तारेचें स्वप्न त्या शोधाइतकेंच जुनें आहे. या एका पावलानें तें घरगुती उष्णतामानाच्या किती जवळ आलें, हें आंकडेच सांगतात. २०१९ मध्यें लँथॅनम आणि हैड्रोजन यांच्या संयुगानें ती मर्यादा उणें २३ अंशांच्या आसपास नेली.

या यशामागोमाग मोहहि आला, आणि त्याविषयीं बोलणें इतिहासाच्या दृष्टीनें अवश्य आहे. खोलीच्या उष्णतामानावर विजेचा विरोध शून्य झाल्याचा दावा २०२० मध्यें मोठ्या गाजावाजानें प्रसिद्ध झाला. इतरांनीं त्यांतील मोजमापें तपासलीं, शंका काढल्या, आणि २०२२ मध्यें तो निबंध मागें घेण्यांत आला. २०२३ च्या मार्चमध्यें दुसऱ्या पदार्थाविषयीं तसाच दावा झाला. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्यें तोहि मागें घेण्यांत आला. ज्या पदार्थाचा नमुना धुळीच्या कणाएवढा, ज्याला कोठडीबाहेर अस्तित्व नाहीं, त्याच्याविषयीं जगाला जें कळतें तें केवळ निवडक मोजमापांवरून. तेथें मापाचा प्रामाणिकपणा ढळला तर बाकी कांहींच उरत नाहीं. अकराला एक हें प्रमाण आज कोणी वादांत काढीत नाहीं, कारण तें तीन निरनिराळ्या रीतींनीं पडताळून मगच छापलें गेलें होतें.

‘याचा उपयोग काय?’ असें विचारणारे श्रोते असतील, आणि त्यांचा प्रश्न रास्त आहे. मळसूत्र सैल केलें कीं हे स्फटिक विरघळून पुन्हा वायु होतात. तेव्हां ते बाजारांत येण्याचा संभव नाहीं. विरोधशून्य तार अजून आपल्या घरांत आलेली नाहीं. परंतु विश्वाचा विचार केला तर असा दाब ही अपवादाची गोष्ट नसून नित्याची आहे. गुरु ग्रहाचा बहुतेक देह हैड्रोजन आणि हेलियम या दोन वायूंचाच आहे. १९९५ च्या डिसेंबरांत एक शोधयान गुरूच्या वातावरणांत उतरलें, तेव्हां तेथें हेलियम अपेक्षेहून थोडा कमी आणि निऑन फारच कमी आढळला. खोलवर, दाबाखालीं, हेलियम हैड्रोजनपासून वेगळा पडून पावसासारखा खालीं झरत असावा आणि निऑन त्यांत विरघळून जात असावा, असा शास्त्रज्ञांचा तर्क आहे. कोणता वायु कोणाशीं जुळवून घेतो आणि कोणापासून फुटून निघतो, हें हिऱ्यांच्या कोठडींत कळल्यावांचून त्या दूरच्या ग्रहांचें अंतरंग कळणार नाहीं.

मिश्रण आणि संयुग यांचा धडा मुलांना शिकविणें सोडून द्यावें, असें मात्र यावरून कोणी समजूं नये. आपण ज्या हवेच्या दाबाखालीं जगतों, त्या दाबापुरता तो धडा बरोबर आहे. त्याला फक्त एवढीच पुस्ती जोडावयास हवी कीं, मिश्रण आणि संयुग यांमधील रेघ निसर्गानें दगडावर कोरलेली नाहीं. दाबाबरोबर ती सरकते. इयत्ता सातवींतला एखादा चुणचुणीत मुलगा जर विचारील, ‘हवा कितीहि दाबली तरी मिश्रणच राहील काय?’ तर वडील मंडळींनीं त्याला गप्प बसवूं नये. या प्रश्नाला आतां उत्तर आहे, आणि तें ‘नाहीं’ असें आहे.